आरटीईचे २५ टक्के: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत मिळणाऱ्या मोफत जागांचे, अर्ज सुरू झाले की आमच्या वस्तीतल्या मदत केंद्राच्या दोन फोनांना उसंत नसते. फॉर्म कसा भरायचा इथपासून 'माझ्या मुलीशेजारी कोणी बसत नाही, काय करू' इथपर्यंत सगळं विचारलं जातं. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. तारखा आणि कागदपत्रांचे बारीक नियम दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची सूचना संकेतस्थळावर वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

१. आरटीईचे २५ टक्के म्हणजे नेमकं काय? ही सरकारची योजना आहे का?

योजना नाही, कायदा आहे. योजना बंद करता येते, कायदा असा बंद होत नाही (प्रश्न ११ पाहा). २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्यासाठी २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १२(१)(सी) सांगतं की खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात, आणि शाळेला बालवाडी जोडलेली असेल तर तिथे, किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या परिसरातल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन लॉटरीने होतात. २०२४-२५ साली सुमारे ९ हजार शाळांत एक लाखावर जागा होत्या आणि अर्ज अडीच लाखांच्या आसपास आले. म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत 'आपला नंबर लागला नाही' हेच ऐकायला मिळणार होतं.

२. सरकारी शाळा फुकट आहेतच की! मग खासगी शाळेत गरिबांसाठी जागा कशाला?

हा प्रश्न फी भरणारे पालक विचारतात तसे लॉटरीत नंबर लागलेलेही विचारतात, फक्त आवाज वेगळा असतो.

फी वाचवणं हा या कलमाचा निम्माच हेतू. उरलेला निम्मा म्हणजे मुलांनी एका वर्गात बसावं हा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळा आणि परिसर शाळा सुचवली ती याच कारणाने: ऐपतवाल्यांची शाळा वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी झाली की दोन्हीकडची मुलं एकमेकांना न ओळखताच मोठी होतात. ती शिफारस कागदावर राहिली. २५ टक्के हा त्यातला हाताला लागलेला तुकडा.

आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेलं गाऱ्हाणं साधं होतं: शेतसारा रयत भरते आणि त्या पैशाचं शिक्षण वरच्या जातींच्या वाट्याला येतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायला लावलं. वेगळी शाळा चालवणं राज्याला सोपंच गेलं असतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, तेव्हाही प्रश्न नुसत्या भाकरीचा नव्हता.

'पूर्वी गावच्या शाळेत पाटलाचा पोरगा आणि सालगड्याचा पोरगा एकाच बाकावर असायचे' असं हळहळत सांगणारे खूप भेटतात. थोडं खरं आहे. पण त्याच साताऱ्यात लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि ते वर्गात कोपऱ्यात पडे. एका छपराखाली असणं आणि एकत्र असणं यात फरक आहे, तो प्रश्न ७ मध्ये येतोच.

३. आमच्याकडे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) दाखला आहे, वर्षाला तीन लाख उत्पन्न. अर्ज चालेल का?

त्या दाखल्यावर नाही. नोकरी आणि कॉलेजातल्या १० टक्के ईडब्ल्यूएस आरक्षणाची मर्यादा ८ लाख आहे. आरटीईच्या 'आर्थिक दुर्बल' गटासाठी महाराष्ट्रात मर्यादा १ लाख, आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. शब्द सारखे असल्याने दर वर्षी कितीतरी फॉर्म इथेच अडकतात.

तुमचं मूल अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी किंवा विशेष मागास प्रवर्गातलं असेल तर ते 'वंचित गटा'त येतं. तिथे जातीचं प्रमाणपत्र लागतं, उत्पन्नाची अट नाही. दिव्यांग मुलं (४० टक्के किंवा जास्त), एचआयव्हीबाधित आणि अनाथ मुलंही याच गटात.

आता माझं मत. वर्षाला १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात किमान वेतन पुरतं मिळणारा सफाई कामगारही या रेषेच्या वर जातो. खुल्या प्रवर्गातल्या खऱ्या गरिबाला त्यामुळे दोनच वाटा राहतात: खोटा दाखला काढा नाहीतर घरी बसा. खोटा दाखला काढू नका, पडताळणीत सापडला तर प्रवेश जातो आणि पुढची कटकट वेगळी. पण ही मर्यादा बदलायला हवी, हे आम्ही प्रत्येक निवेदनात लिहितो.

४. शाळा घरासमोर आहे, तरी लॉटरीत नंबर लागला नाही आणि लांबच्यांचा लागला. असं कसं?

बहुतेक वेळा फुगा चुकलेला असतो. अर्ज भरताना नकाशावर लाल फुगा ओढून आपल्या घरावर ठेवायचा असतो. शाळेपासूनचं अंतर त्यावरून धरलं जातं: आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, मग १ ते ३, मग त्यापुढची.

गेल्या वर्षी एक ताई सायबर कॅफेतून फॉर्म भरून आल्या. नकाशा उघडला तर फुगा कॅफेवरच! कॅफेवाल्याने जागचा हलवलाच नव्हता. घर शाळेपासून चारशे मीटरवर, अर्जात अंतर दीड किलोमीटर. अंतिम सबमिट झालेलं असल्याने तो अर्ज रद्द करून नवा भरावा लागला. मुदत संपायला एक दिवस होता म्हणून जमलं. तेव्हा सबमिट करण्याआधी नकाशा मोठा करून आपली गल्ली, कोपऱ्यावरचं देऊळ, पाण्याची टाकी ओळखा आणि मगच पुढे जा.

फुगा बरोबर असूनही नंबर न लागणं शक्य आहे. १ किलोमीटरच्या आतच जागांपेक्षा अर्ज जास्त असले तर तिथेही चिठ्ठीच. आणि पसंतीच्या दहा शाळा भरता येतात, तरी पुष्कळजण एकच 'मोठी' शाळा भरून मोकळे होतात.

५. आम्ही भाड्याने राहतो आणि जातीचं प्रमाणपत्र गावाकडच्या राज्यातलं आहे. चालेल?

भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, अर्ज सुरू होण्याआधीचा आणि किमान ११ महिन्यांचा. साध्या स्टॅम्प पेपरवरचा चालत नाही. घरमालक नोंदणीला तयार नसतात, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर आमच्याकडे जादूची कांडी नाही. त्या पत्त्यावर पडताळणी होऊ शकते, तेव्हा नातेवाइकाचा पत्ता देऊ नका.

परराज्यातलं जातप्रमाणपत्र महाराष्ट्रात ग्राह्य धरत नाहीत. बांधकामावर आलेली, वीटभट्टीवरची कुटुंबं इथे हमखास गळतात. उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर दुर्बल गटातून अर्ज करा.

६. नंबर लागला, पण शाळा 'अ‍ॅक्टिव्हिटी फी', 'टर्म फी' अशा नावांनी पैसे मागते. द्यायचे का?

शिकवण्याची फी, प्रवेश फी, देणगी यांतलं काहीही देय नाही. कॅपिटेशन फी (ठरलेल्या फीवर मागितलेली देणगी) घेतल्यास कलम १३ नुसार घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड आहे. मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत, चाचणी घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. पुस्तकं, वह्या, गणवेश या मुलांना मोफत मिळावेत असं केंद्राच्या नमुना नियमांत आहे. प्रत्यक्षात शाळा सरकारकडे बोट दाखवते, सरकार शाळेकडे, आणि जोडे-गणवेशाचे पैसे आईच्या भिशीतून जातात.

मागणी लेखी द्या म्हणा. 'लेखी' हा शब्द ऐकला की निम्म्या मागण्या तिथेच विरतात. उरलेल्यांसाठी प्रश्न ७ मधला तक्रारीचा मार्ग.

७. आरटीईच्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवलंय. हे चालतं का?

नाही. नमुना नियमांत स्वच्छ लिहिलंय: या मुलांना वर्गात बाकीच्यांपासून वेगळं काढायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत, पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ यांत दुजाभाव करायचा नाही. अपमान, मानसिक त्रास आणि मारहाण यांना कलम १७ मनाई करतं.

पण वेगळी तुकडी ही निदान डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त येतात आमच्याकडे. हजेरीपटावर नावापुढे लाल पेनाने 'आर'. सहलीचे पैसे न भरलेल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचणं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आरटीईवाले' हा शब्द, शिवी नसूनही शिवीसारखा. एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी ड्रेसचे बाराशे रुपये होते. न देणाऱ्या सात मुलांना 'झाडं' केलं: हिरवा कागद गुंडाळून मागे उभं राहायचं. सातही आरटीईची. बाईंना विचारलं तर त्या खरंच गोंधळल्या, 'अहो, त्यांना वगळलं नाही ना, स्टेजवर घेतलं की!'

असं दिसलं की पहिल्यांदा वर्गशिक्षिकेशी बोला, एकट्याने नव्हे, दोन-तीन पालक मिळून. बऱ्याच वेळा तिच्या लक्षातच आलेलं नसतं. त्याने भागलं नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. त्याविरुद्ध राज्य बालहक्क आयोगाकडे जाता येतं. तक्रारीत 'भेदभाव होतो' एवढंच लिहू नका; तारीख, वर्ग आणि काय घडलं ते लिहा.

८. घरी कुणालाच इंग्रजी येत नाही. मुलाला झेपेल का?

झेपेल की नाही, हे शाळा काय करते यावर बरंच आहे. पहिली दोन वर्षं जड जातात, हे मात्र लपवणार नाही. डायरीत इंग्रजी सूचना येते, आईला वाचता येत नाही, दुसऱ्या दिवशी मूल रंगीत कपड्यांऐवजी गणवेशात जातं आणि त्यालाच हसतात. आमच्याकडच्या काही आया डायरीचा फोटो काढून शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला पाठवतात. शाळेला सूचना मराठीतूनही द्या म्हणून सांगा. ही मागणी वावगी नाही.

आणि एक, फारसं कुणी बोलत नाही ते: जवळची मराठी शाळा चांगली असेल तर फॉर्म न भरणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मुलाला घरी बोलतात त्या भाषेत वाचायला शिकणं सोपं जातं. इंग्रजी पाटी म्हणजे चांगली शाळा, असं नाही.

९. आम्ही पूर्ण फी भरतो. या मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होत नाही का?

प्रश्न सरळ विचारलात ते बरं. यावर दिल्लीत नीट अभ्यास झाला आहे. तिथल्या खासगी शाळांत २००७ पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने गरीब वर्गमित्र असलेल्या आणि नसलेल्या सधन मुलांची तुलना केली. त्याचा लेख २०१९ साली आला. गरीब मुलांसोबत शिकलेली सधन मुलं जास्त उदार आणि मदतीला तयार निघाली, आणि गरीब मुलांना टाळण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी झालं. एका प्रयोगात रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता: जोरात धावणारा गरीब मुलगा घ्यायचा की हळू धावणारा आपल्यातला? ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती ती धावणं बघून निवड करण्याकडे झुकली.

नुकसानाचं म्हणाल तर गणित आणि हिंदीत फरक दिसला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली. वर्गात शिव्या थोड्या वाढल्या, हेही त्यात आहे. शिव्या आमच्या लेकरांना फी भरणाऱ्यांकडूनही शिकायला मिळतात, ते सोडा.

एक मात्र लक्षात घ्या. मुलं एका गटात काम करतात तेव्हा हा परिणाम जास्त येतो. झाडं करून मागे उभं केलं तर येणार नाही.

१०. शाळा म्हणते, 'सरकार आमचे पैसे देत नाही, तुमची मुलं आम्ही फुकट शिकवतो.' खरं आहे का?

अर्धं खरं. कायद्याप्रमाणे सरकारने शाळेला प्रतिपूर्ती द्यायची: सरकारी शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी असेल ती. महाराष्ट्रात हा दर अनेक वर्षं १७,६७० रुपये राहिला. करोनाच्या २०२०-२१ सालात तो ८,००० केला होता. हे पैसे वेळेवर येत नाहीत, वर्षानुवर्षं थकतात. लाखभर फी घेणारी शाळा ते सोसू शकते. वीस हजार फीवर चालणारी छोटी शाळा खरोखर अडचणीत येते, आणि आरटीईची बहुतेक मुलं अशाच शाळांत असतात.

तरी हा हिशेब शाळा आणि सरकार यांच्यातला. तो सात वर्षांच्या मुलाला वर्गात ऐकवायचा नसतो आणि त्या हिशेबापायी प्रवेश नाकारायचाही नसतो.

११. १ किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळा मिळत नाही, असं ऐकलं. खरं का?

ती अट आली होती आणि गेली. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने ठरवलं की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट. महाराष्ट्रात अशी शाळा जवळपास नाही असं ठिकाण शोधून सापडेना. अर्जात झेडपी आणि पालिकेच्या शाळाच दिसायला लागल्या. लोकांनी फॉर्म भरणंच सोडलं. कर्नाटकाने त्याआधी अशीच अट आणली होती, तिथेही अर्ज कोसळले.

पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी स्थगिती मिळाली आणि १९ जुलैला न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली: नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. त्या वर्षीच्या मुलांचे प्रवेश मात्र पार जुलै-ऑगस्टमध्ये झाले. वर्गातल्या ओळखी जूनमध्ये होतात, ही मुलं दीड महिना उशिरा पोचली.

१२. आमच्या भागातली सगळ्यात नावाजलेली शाळा यादीतच नाही. का?

बहुधा अल्पसंख्याक दर्जा. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्के वैध ठरवले, पण विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळून. मे २०१४ च्या प्रमती निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही कायद्यातून बाहेर काढलं. हा दर्जा धार्मिक असतो तसा भाषिकही असतो. महाराष्ट्रात गुजराती, सिंधी, तमिळ अशा भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्था आहेत. त्यांतल्या काहींत त्या समाजाची मुलं मूठभर असतात, हा आमचा डोळ्यांनी पाहिलेला अनुभव.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. वेगळा निकाल येईपर्यंत प्रमती कायम.

१३. घर बदललं. आरटीईची जागा नव्या भागातल्या शाळेत नेता येईल?

नाही. कलम ५ मुलाला शाळा बदलायचा हक्क देतं, पण तो सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता. खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. दाखला मिळेल, जागा सोबत येणार नाही. एकदा आरटीईतून प्रवेश घेतला की पुन्हा अर्जही करता येत नाही. बदलीची नोकरी असेल तर हे आधी डोक्यात घ्या.

१४. आठवीनंतर काय?

नववीपासून पूर्ण फी. कायदा १४ वर्षांपर्यंतच आहे. सगळ्यात जास्त रडू आम्ही याच प्रश्नावर पाहतो. आठ वर्षं एका बाकावर बसलेल्या मैत्रिणी, मार्चमध्ये फीची चिठ्ठी येते, जूनमध्ये एक जण दिसत नाही. सोय सातवीतच बघायला लागा: अनुदानित हायस्कुलात नववीला जागा आहे का, शाळा फीत सवलत देते का. काही शाळा देतात, पण विचारल्याशिवाय नाही.

१५. या २५ टक्क्यांमुळे झेडपीच्या शाळा ओस पडतात, असं शिक्षकच सांगतात.

काही गावांत पट घटतो, हे खरं. पण फी भरून मुलं काढून नेणाऱ्यांनी त्या आधी कितीतरी रिकाम्या केल्या होत्या. ज्याच्या शब्दाला गावात वजन होतं त्याचं मूल व्हॅनमधून तालुक्याला जायला लागलं, तेव्हा गळकं छप्पर, रिकामं शिक्षकपद याबद्दल ओरडणारं कुणी राहिलं नाही. त्यात २५ टक्क्यांनी शेवटची जागरूक घरंही उचलली असतील, तर शिक्षकांचं दुखणं मला समजतं. मी फॉर्म भरून देते आणि माझा स्वतःचा मुलगा पालिकेच्या शाळेत आहे. यातली विसंगती मला दिसते.

१६. लॉटरी लागली नाही. प्रतीक्षा यादी संपली. जून उलटला. आता?

प्रतीक्षा यादीतल्यांना मेसेज येतो, पण तो येतोच असं नाही; संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून स्वतः पाहत राहा. तेही संपलं असेल तर जवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जा. वर्ष सुरू झालं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १५) आणि जन्मदाखला नाही म्हणूनही नाही (कलम १४). मूल आठ वर्षांचं होऊन कधीच शाळेत गेलं नसेल तर त्याला वयाप्रमाणे तिसरीत घ्यायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं, हे कलम ४ सांगतं. मुख्याध्यापक 'उद्या या' म्हणाले तर उद्या आम्हाला सोबत घेऊन जा. केंद्र सकाळी दहाला उघडतं, गुरुवारी बंद.